वाडीला सांगून निघा : नाताळच्या सुट्टीत कोकणातलं घर बंद ठेवताना

श्रावणात आमच्या पाणंदीत अनोळखी गाडी शिरली तर निदान तीन घरांतून माणूस बाहेर येतो. कुणाकडे आलात, कुठून आलात, हे विचारून झाल्याशिवाय ती गाडी पुढे सरकत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत मात्र तसं घडत नाही. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्या वाट चुकून दिवसभर वाड्यांत येत राहतात. कुणी समुद्राचा रस्ता विचारतं, कुणी खोली मिळेल का म्हणतं. दोन-तीन दिवसांत विचारणाऱ्याचाही उत्साह संपतो. आणि नेमकी याच दिवसांत गावातली पुष्कळ घरं रिकामी असतात. कुणी मुलांकडे मुंबई-पुण्याला गेलेलं असतं, कुणी रात्रभर जत्रेत.

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात घर बांधून किंवा जुनं घर विकत घेऊन राहायला आलेली काही कुटुंबं आता माझ्या ओळखीची झाली आहेत. पहिल्या नाताळला घर बंद करून जाताना त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. शहरात आपल्याला शिकवलेलं असतं की बाहेर जाताना कुणाला कळू देऊ नका. इथे मी त्यांना उलट सांगते. फोनवरून जगाला सांगू नका, पण वाडीला सांगितल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नका. बाकीची तयारी त्याच्या आगेमागे करायची. ती ज्या क्रमाने करावी लागते, त्याच क्रमाने लिहिते.

दोन आठवडे आधी : परसदारी आणि घराभोवती

सुरुवात मागच्या बाजूने करा. कोकणातल्या घराचं पुढचं दार सागाचं किंवा फणसाचं, जाडजूड असतं आणि मागचं दार न्हाणीच्या ओलीने खालून कुजलेलं असतं. ते बोटाने दाबून पाहा. लाकूड दबलं तर खालची फळी आत्ताच बदलून घ्या. शेवटच्या आठवड्यात सुतार मिळत नाही, तो तेव्हा कुणाच्या तरी होमस्टेचं काम उरकत असतो.

मग आवारात काय पडलंय ते बघा. शिडी, पहार, कोयता, आंबे काढायची घळ, विहिरीचा दोर. चोर सहसा हत्यारं घेऊन फिरत नाही, तुमचीच वापरतो. हे सगळं आत घ्या. शिडी आत मावत नसेल तर साखळीने झाडाला बांधून कुलूप घाला.

पावसाळ्यात वाढलेलं गवत आता वाळून पिवळं झालेलं असतं, आणि इथल्या हिवाळ्यात मला चोराइतकीच वणव्याची धास्ती वाटते. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाळक्या गवताला कुणाच्या विडीची ठिणगी लागते, विजेच्या तारा एकमेकींना घासतात, कधी कुणी मुद्दाम गवत पेटवतं. दुपारचा वारा सुटला की आग बघता बघता काजूच्या बागेत उतरते. म्हणून घराच्या चारी बाजूंनी दहा-पंधरा फुटांचा पट्टा गवत कापून, पातेरा ओढून मोकळा करा. बाग असेल तर तिच्या कडेने जाळरेषा काढून घ्या, म्हणजे जमीन खरवडून गवताचा संबंधच तोडायचा. वाळक्या झावळ्या आणि जळाऊ लाकडं भिंतीला टेकून ठेवू नका. गोळा केलेला पातेरा निघायच्या आधी जाळून टाकू, असंही मनात आणू नका. राखेखाली निखारा बराच काळ धुमसत राहतो. शेणखळीत टाका, नाहीतर झाडांच्या आळ्यात पसरून पाणी मारा. अग्निशामक गाडी शहरातून वाडीपर्यंत पोचेस्तोवर बराच वेळ जातो, त्यामुळे आगीच्या बाबतीत आधी केलेलंच उपयोगी पडतं. जंगलाकडून वणवा येताना दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक शेजाऱ्यांच्याही फोनमध्ये असू द्या.

कौलं आणि कुलपं

नव्याने आलेली माणसं दारांवर खूप खर्च करतात आणि डोक्यावर बघत नाहीत. मंगलोरी कौल हाताने उचलता येतं, आवाज होत नाही, आणि चार कौलं सरकवली की रिपांमधून सडपातळ माणूस माळ्यावर उतरतो. सगळ्या छपराला बंदोबस्त करणं खर्चाचं आहे. पण जिथे भांडीकुंडी आणि कपाट आहे, निदान त्या खोलीवर कौलांच्या खाली वेल्डमेशची जाळी वाशांना ठोकून घ्या. माळ्याच्या झडपेला खोलीच्या बाजूने कडी बसवा.

यात वानरांचा एक गुंता आहे. वानरं छपरावरून उड्या मारतात, कौलं फोडतात, सरकवतात. त्यामुळे सरकलेलं कौल दिसलं की शेजारी म्हणतो, वानर आलं असेल. निघायच्या आदल्या दिवशी चारी बाजूंनी छपराचे फोटो काढा आणि घर बघणाऱ्या शेजाऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा. नवीन फट पडली की त्याला शंका येईल, आणि तेवढीच हवी आहे.

कुलपांचा शत्रू खारा वारा. मुलामा दिलेलं लोखंडी कुलूप समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत आतून धरतं. पितळी कुलूप घ्या. बिजागऱ्या आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या घेत असाल तर ३१६ दर्जाच्या मागा. नेहमीच्या ३०४ ला समुद्रकाठी तांबेरा चढतो. कुलपात खोबरेल सोडायची सवय इथे घरोघरी आहे, पण ते २४-२५ अंशांखाली थिजतं. पहाटेच्या थंडीत चावी फिरत नाही ती त्यामुळे, शिवाय तेलावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची भुकटी मिळाली तर उत्तम. नाहीतर मऊ शिशाच्या पेन्सिलीचं टोक घासून त्याची पूड चावीला लावा.

कुलूप कितीही दणकट असलं तरी कोयंडा दोन स्क्रूंवर लटकत असेल तर चोर कुलपाला हात लावत नाही, कोयंडाच उपटतो. तिथे स्क्रू काढून आरपार बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला येईल असे. समुद्र दिसावा म्हणून लावलेल्या मोठ्या सरकत्या काचा मला आवडतात. पण त्यांच्या खालच्या रुळात आतून एक लाकडी दांडा आडवा टाकल्याशिवाय ते घर बंद झालं असं मी म्हणणार नाही.

आठवडा आधी : शेजार

इथे घाई करू नका, आणि हे काम फोनवर उरकू नका. संध्याकाळी कामं आटोपली की शेजारच्या ओटीवर जाऊन बसा. चहा येईल, तो घ्या. मग सांगा की अमुक दिवशी जातोय, अमुक दिवशी परत येतोय.

नुसतं "घराकडे लक्ष ठेवा" म्हणाल तर माणूस हो म्हणतो, पण नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. कामं नेमकी सांगा. सकाळी अंगण झाडणं हे सगळ्यात मोठं काम. आंबा-फणसाखालचं खळं दोन दिवस झाडलं नाही तर पानांचा थर बसतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं की घरात माणूस नाही. पडलेले नारळ आणि सुपाऱ्या उचलणं दुसरं. तीन दिवस जागच्या जागी पडून राहिलेला नारळ बंद दारापेक्षा जास्त बोलतो. तो उचलणाऱ्यानेच घरी न्यावा, हेही तुम्हीच मोकळेपणाने सांगा. तिसरं, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा. विजेचा आपोआप लागणारा दिवाही लावा, त्याला माझी हरकत नाही. पण दिवा लावायला आलेला माणूस दाराची कडी बघतो, वास घेतो, कुत्र्याला भाकरी घालतो, आणि घराच्या मागे एक फेरी मारतो.

एकदा मला ताप आला होता म्हणून संध्याकाळी पुढचा दिवा लावायचा राहिला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका काठी टेकत आले. "दोन दिस उजेड दिसलो नाय, म्हणान बघूक इलंय." ही नजर विकत मिळत नाही. ती आधी स्वतः द्यावी लागते.

म्हणून परतफेडीचंही आत्ताच ठरवा. मजुरीने माणूस ठेवून झाडांना पाणी घालून घेणार असाल तर रोजचे पैसे ठरवा आणि वेळेवर द्या. आपुलकीच्या नावाखाली कुणाला फुकट राबवून घेऊ नका, त्याची चर्चा वाडीभर होते आणि ती रास्त असते. शेजाऱ्याला मात्र पैसे पुढे करू नका. त्याला तुमचा वेळ हवा असतो. त्याच्या घरचं कार्य, त्याची दवाखान्याची फेरी, त्याच्या घराची राखण.

एक जादा चावी द्यायची असेल तर एकाच घरी द्या, आणि ती कुणाकडे आहे हे तिसऱ्याला सांगू नका.

पोलीस पाटील कोण, हे नवीन माणसांना सहसा माहीत नसतं. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेली ही व्यक्ती गावातलीच असते. तिला भेटा, आणि ठाण्यात एक साधा अर्ज द्या. घराची खूण, जायची-यायची तारीख, तुमचा फोन, घराकडे कोण येणार आणि आवारात कुठली गाडी उभी असेल, एवढं पुरे. त्यावरून गस्तीवरच्या अंमलदाराला कळतं की या घरात रात्री उजेड हलला तर थांबून बघायचं.

निघण्याआधी ग्रामदेवतेच्या देवळात नारळ ठेवायची इथे पद्धत आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो, घराची राखण कर म्हणून देवाला सांगतो. तुमची श्रद्धा असो वा नसो, गावच्या राखणदाराला सांगून जाणं मला योग्य वाटतं. शिवाय तिथे चार माणसं असतात, आणि कुठलं घर किती दिवस बंद राहणार हे ती ऐकतात.

जत्रेची रात्र

हे वेगळं लिहिते, कारण माझ्याकडे चोरी झाली ती अशाच रात्री. मी मुंबईला नव्हते, घरापासून दीड किलोमीटरवर होते.

कार्तिकापासून गावोगावी दहिकाले सुरू होतात. रात्री पालखी, मग दशावतारी नाटक, ते पहाटेपर्यंत. संपूर्ण वाडी देवळात असते, म्हाताऱ्यांसकट. त्या रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत आमच्या वाडीत एकही माणूस नव्हता. आलेल्याने न्हाणीजवळची शिडी लावली, मागची कौलं काढली आणि तांब्याचा बंब, दोन पितळी हंडे आणि माझ्या सासूबाईंची समई नेली. कपाटाला हातही लावला नव्हता. इथल्या घरांतून अशीच चोरी होते हे मला नंतर कळलं: तांब्या-पितळेची भांडी, देवघरातल्या मूर्ती, विहिरीवरचा पंप, त्याची केबल, गॅसची टाकी. ज्याची मोडीत किंमत येते आणि ज्याची तक्रार करायला माणूस कंटाळतो, ते सगळं.

तेव्हापासून आमच्या वाडीत पाळी आहे. दर जत्रेला दोन घरांतली माणसं मागे राहतात, दिवे लावून ओटीवर बसतात, दर तासाने एक फेरी मारतात. पुढच्या जत्रेला दुसरी दोन घरं. २४ डिसेंबरच्या रात्री आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची घरं मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी रिकामी होतात, तेव्हा पाळी आमची. त्यांच्या दारातले चांदणीचे दिवे आम्हीच बंद करतो.

तुम्ही नवीन असाल तर जत्रेच्या तारखा देवळात विचारून घ्या. सगळ्या पंचांगात सापडत नाहीत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस तर दरवर्षी देवीच्या कौलानेच ठरतो.

भांड्यांवर नाव घालून घ्या. लग्नातल्या ताटावर घालतात तसंच, हंड्याच्या कडेला, बंबाच्या बुडाला. चोरीचा माल सापडला तर ठाण्यात दहा हंडे ओळीने ठेवलेले असतात आणि आपला कुठला हे सांगता येत नाही. माझी समई नाव नसल्यामुळे मला परत मिळाली नाही, असं मला आजही वाटतं. मोठ्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. दागिने घरात ठेवूच नका. बँकेच्या लॉकरमध्येही चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून लागू आहे. तेव्हा सोनं फार असेल तर त्याचा वेगळा विमा बघा.

निघायच्या दिवशी

गॅसची शेगडी बंद करून भागत नाही, टाकीवरचा रेग्युलेटर बंद करा. वास आला तर कुठलंही बटण न दाबता दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा. पंपाचा स्टार्टर बंद. गीझर, टीव्हीचे प्लग काढा, कॅमेरा नसेल तर राउटरचाही. इलेक्ट्रिशियनकडून फ्रीज आणि कॅमेऱ्याला वेगळा एमसीबी, म्हणजे फळीवरचा वेगळा स्विच, करून घेतला असेल तर बाकी सगळं घर बंद ठेवता येतं. नाताळच्या माळा आणि कागदी चांदणीतला दिवा तसाच चालू ठेवून कधीच जाऊ नका. दमट खाऱ्या हवेत त्यांचे जोड गंजतात आणि तापतात. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर ते या हिवाळ्यातच बसवा, शॉकपासून माणूस वाचतो तो त्याने.

कॅमेरा असेल तर असू दे. वीज गेली, नेट गेलं की तो आंधळा होतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर शेजार सोडू नका.

घरात पाहुणे ठेवून जात असाल तर एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा. गॅस गीझर बंद न्हाणीत चालवायचा नाही, आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. दापोलीकडे आणि घाटाच्या पायथ्याला पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि हा मोह होतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

फोनबद्दल थोडक्यात. रेल्वेत बसल्याचा फोटो स्टेटसला टाकू नका, सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. मुलांनाही हे सांगा, कारण घर बंद असल्याची बातमी बहुतेक वेळा त्यांच्याच फोनवरून फुटते. वीज तोडतो, पार्सल अडलंय, असे फोन सुट्टीत वाढतात. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर तक्रार करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटची चावी फिरवल्यावर एकदा घराला पूर्ण वळसा घाला. मी दरवेळी घालते, आणि दर दोन-तीन वेळांनी न्हाणीची खिडकी उघडी सापडते.

परत आल्यावर

शक्यतो रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचा. अंधारात बंद घर उघडू नका.

दार उघडं किंवा कडी वाकलेली दिसली तर आत जाऊ नका. आत अजून कुणी असू शकतं. शेजाऱ्याला हाक मारा, ११२ ला फोन करा, आणि पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका. पसारा आवरायला हात शिवशिवतात, पण ठसे त्यातच असतात. चोरीची खबर मुंबईत असतानाच कळली तरी अडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. रक्कम लहान वाटली तरी तक्रार करा. हंड्याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून तर हंडे जातात.

सगळं जागेवर असेल तर आधी खिडक्या उघडा, मग मेन स्विच. गाद्या उन्हात झटका, चपला-बूट उपडे करून आपटा, सरपणाला काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका. बंद घरात विंचू शिरतो, आणि गडग्यातलं फुरसं लाकडांत येऊन बसतं. आपल्याकडचा लाल विंचू जीवघेणा होता. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्या दंशाने होणारे मृत्यू कमी करून दाखवले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता उपचार आहेत, पण ते वेळेवर मिळायला हवेत. काही चावलं तर बांधाबांध नको, चिरा घेणं नको, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

त्याच संध्याकाळी खाऊचा पुडा घेऊन शेजारी जा. काय काय घडलं ते त्यांच्याकडून निवांत ऐकून घ्या, कुठली गाडी दोनदा येऊन गेली तेही. चावी परत मागायची घाई करू नका. उठताना पुढचा दहिकाला कधी आहे ते विचारा आणि त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करून ठेवा. त्या रात्री ओटीवर दिवा लावून तुम्ही बसायचं.